पाठीवरची तिसरी पट्टी

तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेत शिकवते असं नव्या माणसाला वाटायचं, आणि दुकानात येऊन बघावं तर ही बाई दहा हात लांब टेबलावर निळ्या कापडाचं थान अंथरून, कातर हाणत उभी. कापड कापणारा तो मास्तर, मग कापणारी ती मास्तरीण, इतका सरळ हिशोब. गणवेशाचं दुकान होतं. नवरा मशिनवर, नणंद हातशिलाईला आणि ही कटिंगला. एकवीस शाळांचे शर्ट, पँटी, स्कर्ट हिच्या हाताखालून जायचे आणि एकाही मुलाची बाही कधी आखूड झाली नाही. हे ती स्वतःच सांगायची, दिवसातून दोनदा. ऐकणाऱ्याने मान हलवली नाही तर तिसऱ्यांदा.

स्वभाव कसा, म्हणाल तर राग नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल ठेवा हं," की ही म्हणणार, "मूल वाढतं हे मला माहीत आहे, मलाही दोन झालीत." पण काम असं चोख, की बोलणी खाऊनही माणसं परत यायची.

तर या बाईचा उजवा गुडघा गेला. एका दिवसात नाही गेला, तीस वर्षं उभं राहून गेला. आधी जिना चढताना कटकट वाजायचा, मग उतरताना, मग नुसतं उभं राहिलं तरी आतून कुणी सुरी फिरवतंय असं व्हायचं. शेवटी तिने उंच स्टूल आणलं आणि बसून कापायला लागली. आता ज्याने कधी कातर धरली नाही त्याला हे कळायचं नाही, पण बसून मोठं कापड कापता येत नाही. सगळं अंग टेबलावर झुकावं लागतं, हात खांद्यातून जावा लागतो. बसल्या बसल्या कातर वळणावर अडखळते. एकदा चाळीस शर्टांच्या पाठी अर्धा इंच तिरक्या गेल्या. नवरा काही बोलला नाही, गुपचूप उसवत बसला. ते न बोलणं तिला जास्त लागलं.

"मला उभं राहून कापायचंय," ती हाडांच्या डॉक्टरांना म्हणाली. "बाकी चालणं-बिलणं तुम्ही बघा. मला टेबलापाशी उभं करा."

डॉक्टर भले माणूस होते. क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल. धातूचा बसवू. शाळा सुरू व्हायला अजून साडेचार महिने आहेत ना? आत्ता केलंत तर हंगामाला टेबलापाशी असाल."

नवऱ्याचा चेहरा उजळला. मास्तरीणबाईंचा मात्र पडला.

"धातू म्हणजे कुठला?" तिने विचारलं.

हे विचारायला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून घसरून तिचा घोटा मोडला होता आणि आत पोलादाची पट्टी बसवली होती. हाड जुळलं झकास, पण वरची कातडी वर्षभर चिडलेली. लाल, ओली, खाजरी, रात्रंदिवस. जंतू झालेत म्हणून औषधं झाली, जंतू काही सापडेनात. शेवटी कंटाळून पट्टी काढली आणि तीन आठवड्यांत घोटा कोरडा ठणठणीत. तेव्हा कुणी फारसा विचार केला नाही, पण तिने केला. कारण तिला आठवलं, की टाचण्या तोंडात धरल्या की ओठ सुजतात म्हणून ती त्या मनगटावरच्या उशीत खोचते. शिवताना बोटात अंगुस्तान घातलं की बोट सोलवटतं, म्हणून कातड्याचं करून घेतलं. कातरीच्या मुठीला चिंध्या गुंडाळल्यात. दुकानात सगळे हसायचे, म्हणायचे, "मास्तरीणबाईंची कातडी राणीची." राणीची कसली! लोखंडाच्या कातर-टाचण्यांत जन्म घालवायचा आणि लोखंडच अंगाला सोसत नाही, असं तिचं नशीब.

"घोट्यातली पट्टी काढता आली," ती डॉक्टरांना म्हणाली. "गुडघा चिडला तर काय काढणार? पाय?"

डॉक्टरांनी तिला उडवून लावलं नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "बाई, कातडीला न सोसणारा धातू सांध्यालाही सोसणार नाही, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण तुमची घोट्याची गोष्ट ऐकून मी म्हणेन, आधी तपासणी करून घ्या. पोलादात मिसळलेलं निकेल तुम्हाला सोसत नाही असं निघालं तर वेगळ्या धातूचा गुडघा मागवू, तो आधी सांगून ठेवावा लागतो." आणि दोन आठवड्यांनंतरची शस्त्रक्रियेची तारीखही लिहून टाकली.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे सोमवारी सकाळी तिच्या पाठीवर तीन पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर दहा इवल्याशा वाट्या, पाच-पाचच्या दोन ओळी, आणि प्रत्येक वाटीत एकेका पदार्थाचा ठिपका. कुठल्या नंबरला काय ते कागदावर लिहिलेलं. नर्सने चारी कोपऱ्यांना मार्करने खुणा केल्या आणि नियम सांगितले. अंघोळ नाही, घाम नाही, वाकणं नाही. बुधवारी काढायच्या, शुक्रवारी शेवटचं बघायचं. जिथे कातडी फुलेल, तो पदार्थ वैरी.

"आणि कोपरा सुटला तर वरून चिकटपट्टी लावा. पट्टी उचलायची नाही," नर्स म्हणाली.

मास्तरीणबाईंनी मान हलवली. आता ऐकलं होतं की नुसतीच मान हलवली होती, देव जाणे.

दुकानात आल्यावर ती गुमान बसेल असं कुणाला वाटलं असेल तर तो तिला ओळखत नाही. दुपारपर्यंत स्टुलावर ताठ बसली, मग एक कॉलर मनासारखी बसेना म्हणून जराशी झुकली. जराशी म्हणजे पुरती. पाठीवर काहीतरी ओढल्यासारखं झालं.

"धाकटे, बघ गं मागे," तिने नणंदेला हाक मारली.

ही धाकटी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. वय बावन्न, पण घरात सगळ्यांत लहान म्हणून जन्मभर धाकटीच राहिली. अबोल, भित्री, पण हात असा की तिची तुरपाई सुलट बाजूने शोधून सापडायची नाही. मोठी कातर मात्र तिने कधी हातात घेतली नव्हती. "एकदा कापलं की परत जोडता येत नाही गं वहिनी," म्हणायची.

धाकटीने पोलकं वर करून पाहिलं. "तिसऱ्या पट्टीला सळ पडलाय. खालचा कोपरा उचललाय."

आणि इथे घोळ झाला. दुसऱ्या कुणाच्या घरात झाला नसता. कारण शिवणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की सळ पडला तर तो वरून दाबायचा नाही. दाबलेला सळ पुढे जाऊन दुप्पट दिसतो. सोडवायचं, मोकळं करायचं आणि पहिल्यापासून लावायचं. तीस वर्षं मास्तरीणबाईंनी हेच सगळ्यांना शिकवलं होतं, ओरडून शिकवलं होतं.

"मग बघतेस काय? काढ आणि सरळ लाव," ती म्हणाली. "खुणा आहेत ना? खुणेला खूण मिळव."

धाकटीने पट्टी अलगद सोडवली, पाठ पुसून कोरडी केली, आणि खुणेला खूण मिळवून अशी बसवली की सळ नावाला उरला नाही. "आता कशी?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "अगदी इस्त्रीची," धाकटी म्हणाली. दोघी खूश. बुधवारी नर्सने पट्ट्या काढल्या तेव्हा तिलाही काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं, खुणा तंतोतंत जुळलेल्या.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी भिंगातून पाठ पाहिली. तिसऱ्या पट्टीत नऊ नंबरला मोठा लालभडक फुगवटा आला होता. दोन नंबरला फिकट लाली, पण ती काही धरण्यासारखी नाही, असं त्या म्हणाल्या. बाकी सगळं साफ.

"नऊ नंबर काय?" मास्तरीणबाईंचा जीव टांगणीला.

"रबरात घालतात ते एक रसायन. निकेल दोन नंबरला होतं, तिथे विशेष काही नाही. तुमचा इतिहास ऐकून मला निकेलच वाटलं होतं, खरं सांगते. पण गुडघ्यात रबर नसतं, बाई. सुटलात तुम्ही."

नवऱ्याने तिथल्या तिथे हात जोडले. दुकानात येऊन त्याने चहा मागवला, शेजारच्या चष्मेवाल्यालाही पाजला आणि म्हणाला, "बारा वर्षं उगाच त्या पोलादाच्या नावाने बोटं मोडली. आता पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात, आणि हंगामाला टेबलापाशी!"

मास्तरीणबाईही हसली. मनातून खरंच मोकळी झाली होती. आणि मग तिची नजर धाकटीकडे गेली.

धाकटी चड्ड्यांच्या नेफ्यातून इलास्टिक ओवत बसली होती. मांडीवर इलास्टिकचं भलं मोठं वेटोळं, गळ्यात इलास्टिक, हातात इलास्टिक. दुकानात हे रोजचंच दृश्य.

"धाकटे, थांब," मास्तरीणबाई म्हणाली. "इलास्टिक म्हणजे रबरच ना?"

"मग काय लाकूड?"

"तू यायच्या आधी पंधरा वर्षं हे मी ओवलंय. घामेजल्या हातांनी, तासन्‌तास. मला एक पुटकुळी आली नाही कधी."

नवरा कप खाली ठेवून म्हणाला, "आता काय नवीन काढलंस?"

तिने कॉलरीत घालायच्या ताठ बकरमचा एक तुकडा पट्टीएवढा कापला, त्यावर खडूने एक ते दहा आकडे घातले, टोकांना चिकटपट्टी लावली आणि कोपऱ्यातल्या पुतळ्याच्या पाठीवर चिकटवला. "हं. सोमवारी केलंस तसंच्या तसं कर. विचार करू नकोस, हाताला करू दे."

धाकटीने पट्टी उजव्या हाताने सोडवली. पाठ पुसायला हात मोकळे हवेत, म्हणून पट्टीचं वरचं टोक टेबलाच्या कडेला चिकटवलं आणि बाकीची लोंबती सोडली, जशी ती रोज लेस चिकटवून ठेवायची. पुतळ्याची पाठ पुसली. मग लेस उचलायच्या सवयीनेच लोंबतं टोक डाव्या हातात धरलं, पट्टी सोडवली आणि तेच टोक वरच्या खुणेला नेऊन लावलं. खुणा तंतोतंत जुळल्या.

आणि आकडे उलटे. जिथे दोन होता तिथे नऊ, जिथे नऊ होता तिथे दोन.

धाकटीने बकरम पुतळ्यावरून ओढून काढला. "वहिनी, माझ्या हातून..."

"तुझ्या हातून नाही, माझ्या तोंडून," मास्तरीणबाई म्हणाली. "काढ म्हणून मीच सांगितलं. नर्स बोंबलून सांगत होती, उचलू नका."

आता खरी लढाई नवऱ्याशी. तो एरवी मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "उलटी लागली असेल नाहीतर नसेलही! पुतळ्यावर केलं म्हणजे पाठीवर तसंच झालं का? तारीख हातात आहे. ही गेली तर पुढची कधी? सगळा हंगाम स्टुलावर काढशील? एकवीस शाळा आहेत, कापणार कोण?"

"मला काय हौस आहे का?" तीही उसळली. "तुम्ही उसवत बसता ते मला दिसत नाही? पण आत एकदा धातू घातला की तो उसवता येत नाही हो!"

ती रात्रभर तळमळत राहिली वगैरे काही नाही. मस्त झोपली, कारण तिचं ठरलं होतं. सकाळी धाकटीला घेऊन ती थेट त्वचेच्या डॉक्टरबाईंपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबाई आधी ऐकत राहिल्या, मग चिडल्या. चिडायचा त्यांना हक्कच होता.

"मग तुम्ही उलटं वाचा ना," मास्तरीणबाई म्हणाली. "नऊ म्हणजे दोन."

"तसं वाचून अहवाल देता येत नाही. अर्धा दिवस एकीकडे, दीड दिवस दुसरीकडे. उलटी लागली हे तुमचं अनुमान आहे, मी पाहिलेलं नाही. पाठ पूर्ण बरी होऊ द्या. सहा आठवड्यांनी परत लावू."

हाडांचे डॉक्टरही कपाळाला हात लावून बसले. "कागदावर धातू साफ आहेत. ही तारीख सोडलीत तर परत तपासणी, मग गुडघा मागवायचा, मग नवी तारीख. चार महिने सहज जातील. विचार करा."

"तो कागद माझ्या पाठीचा नाही, डॉक्टर. तो धाकटीच्या डाव्या हाताचा आहे. द्या तारीख दुसऱ्या कुणाला."

झालं. तारीख गेली. नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी दोरा संपला म्हणून तेवढ्यापुरतं बोलावंच लागलं.

मास्तरीणबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. चौथ्या दिवशी तिने मोठी कातर उचलून धाकटीच्या पुढ्यात ठेवली. "धर."

"मी? नाही गं वहिनी! मेले तरी नाही!"

"मेल्यावर काय उपयोग, हंगाम तोंडावर आलाय. धर म्हणते ना!"

पहिले आठ दिवस नुसता सावळा गोंधळ. धाकटी कातर धरायची आणि डोळे मिटायची. मास्तरीणबाई स्टुलावरून ओरडायची, "डोळे उघड गं बाई, कापड आहे, साप नाही!" धाकटी कातरीऐवजी कोपर वळवायची, खांदा आखडायची. रद्दी कागद कापून कापून दुकानभर ढीग झाला. एक दिवस तर रडत उठून गेली. मास्तरीणबाईंना तेव्हा फार वाईट वाटलं, उठून तिच्यामागे जाताही येईना. बसल्या जागेवरून ओरडून म्हणाली, "मी पहिल्या वर्षी अख्खं थान वाया घालवलं होतं! तुझ्या भावाला विचार!" नवरा मशिनवरून म्हणाला, "दोन." आणि त्या दिवसापासून घरातला अबोला एकदाचा संपला. हळूहळू धाकटीच्या हाताला वळण सापडलं. महिन्याभरात ती एका वेळी सहा थर कापू लागली.

सहा आठवड्यांनी परत पट्ट्या लागल्या. या वेळी मास्तरीणबाई दोन दिवस घरात बिनपाठीच्या खुर्चीत ताठ बसली. जेवली ताठ, झोपली पोटावर. धाकटीला तर तिने खोलीतच येऊ दिलं नाही. "दारातून बोल. सळ दिसला तरी सांगू नकोस मला."

दोन नंबर फुलला. असा फुलला की डॉक्टरबाईंनी भिंगही उचललं नाही. नऊ नंबर कोरा. निकेल. त्यांनी अहवाल लिहिला, सही केली आणि म्हणाल्या, "तुम्ही परत आला नसतात तर माझा चुकीचा कागद घेऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला असतात."

मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "तुमचा कसला चुकीचा? चूक आमच्या दुकानातली होती."

वेगळ्या धातूचा, वरून लेप दिलेला गुडघा लांबून मागवावा लागला. तोवर शाळांचा हंगाम येऊन ठेपला आणि गेला. टेबलापाशी धाकटी उभी होती, मास्तरीणबाई स्टुलावर बसून खडूने रेघा मारत होती. एकवीसपैकी दोन शाळा हातच्या गेल्या, माल उशिरा पोचला म्हणून. हे नुकसान खरं होतं आणि ते तिला लागलं. पण "उगाच थांबले" असं ती एकदाही म्हणाली नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भूल द्यायच्या आधी ती म्हणाली, "खोका दाखवा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "गुडघ्याचा खोका. त्यावर काय लिहिलंय ते वाचा." हाडांच्या डॉक्टरांनी स्वतः खोका आणून वाचून दाखवला. "परत एकदा," ती म्हणाली. त्यांनी परत वाचला. "आता घाला," म्हणून ती आडवी झाली.

दुखलं. फार दुखलं. गुडघा वाकवायला शिकवणाऱ्या बाईला तिने असल्या असल्या शिव्या दिल्या की ती बाई हसून हसून बेजार. पण रोज वाकवला, सांगितलं त्याहून दोनदा जास्त.

पाचव्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बघितला. व्रणाची रेघ बारीक, फिकट, आजूबाजूची कातडी कोरडी. लाली नाही, सूज नाही. घोटा या वेळेपर्यंत पेटलेला होता, हे तिला पुरतं आठवत होतं. "बाई, हा गुडघा तुम्हाला सोसलाय," ते म्हणाले. "पुढेही बघत राहू, पण आज मी खूश आहे."

मास्तरीणबाई काहीतरी टोला मारणार म्हणून ते थांबले. नवराही थांबला. आणि ती बाई एकदम रडायला लागली. पदर तोंडात घालून, खांदे हलवत, लहान पोरीसारखी. नवऱ्याने तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "सगळं छान आहे."

"घाबरले होते हो मी," ती हुंदके देत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तारीख सोडली तेव्हा तर सगळ्यांत जास्त."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? आम्हाला तर वाटलं, ही बाई कुणाला भीत नाही."

"तेव्हा बोलले असते," तिने डोळे पुसले, "तर या सगळ्यांनी माझी समजूत घातली असती. आणि मी ऐकलं असतं."

मग तिने नाक शिंकरलं, खुर्चीला हात न लावता उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, धाकटी एकटी कापतेय."